मामांच्या चित्रात काही दिसू नये

चित्राचा खरा वैरी म्हणजे ते पाहायला येणारा माणूस, असं मानणारा चित्रकार अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात एकच होता, आणि ते नेमके माझे मामा होते. दिवसभर मँगनीजच्या खाणीच्या ऑफिसात ते सुतासारख्या सरळ रेघांचे नकाशे काढत आणि घरी आले की कॅनव्हासवर नुसते रंग थापत. त्यात झाड नाही, माणूस नाही, देव तर नाहीच. कुणी 'हे काय आहे?' विचारलं तर चालायचं. 'रंग आहे,' एवढं सांगून मामा मोकळे होत. पण कुणाला त्यात काही दिसलं की घात व्हायचा. 'मले कोंबडा दिसून राह्यला' म्हणणारा पाहुणा उंबरा ओलांडायच्या आत मामा कोंबड्यावर बोळा फिरवत. मग दुसऱ्याला तिथंच भलतं काही दिसे. अशी कितीतरी चित्रं पाहणाऱ्यांनी खाल्ली. बरं, दाराला कडी लावा म्हटलं तर, 'कोणी पाह्यलंच नाही तं काढू काहून?' असं मलाच विचारत.

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तरी मामांच्या लेखी प्रदर्शन म्हणजे नागपूरचंच. तीन वर्षं फॉर्म आणला, तिन्ही वर्षं चित्र पुरं झालं नाही. चौथ्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, 'यंदा नाही गेलं तं रंगाची पेटी वैनगंगेत.' मामा बोलले की करायचे. दुपारच्या गोंदियाच्या छोट्या गाडीनं चित्र घेऊन मीच निघणार होतो. गोणपाटावर सुतळी बांधणं चाललं होतं, तेवढ्यात शेजारचे कंपाउंडर आले आणि मान तिरपी करून म्हणाले, 'भाऊ, हा तं लांजीच्या किल्ल्याचा दरवाजा होय.'

मामांनी सुतळी सोडली आणि ब्रश उचलला. गाडीला तास उरला होता. त्यांना थांबवायचं मला धाडस होईना, कारण मलाही त्या चित्रात काहीतरी दिसत होतं आणि तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल अशी भीती होती. इतक्यात अंगण सारवून मामी आत आली, शेणाचे हात तसेच. वीस वर्षांत तिनं मामांच्या चित्राबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तिनं चित्र नीट पाहिलं आणि एका कोपऱ्याकडे बोट केलं.

'या कोन्ट्यात तुमचा हात थांबला,' ती म्हणाली. 'बाकी सारं एका दमात फिरवलं.'

मामांचा ब्रश हवेतच राहिला. 'हौ. चार दिवस अडलो तिथं. तुले कसं समजलं?'

'सारवताना माहा बी थांबते,' म्हणून मामी हात धुवायला गेली. मामांनी ब्रश ठेवला आणि सुतळी स्वतः बांधली.

चित्र नागपूरहून परत आलं. निवडलं गेलं नव्हतं. मामांना वाईट वाटलं, पण पेटी काही नदीत गेली नाही. ते चित्र त्यांनी चुलीसमोरच्या भिंतीवर टांगलं आणि पुढं मामीनं पाहिल्याशिवाय एकही चित्र पुरं मानलं नाही.

आता मामा नाहीत. अंगणात फरशी आली, सारवणं संपलं. मामी चित्रापुढं बसते तेव्हा तिची नजर त्या कोपऱ्यापाशी थांबते. मला मात्र त्यात पहिल्या दिवसापासून बैल दिसतो, चांगला शिंगांसकट. मामा होते तोवर भीतीनं सांगितलं नाही. आता वाटतं, एकदा मोठ्यानं सांगून टाकावं. निदान तो पुसायला तरी मामा येतील.