आत्याच्या हातावरचा नंबर

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्यानं मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. परदेशात ही सुईनं कातडीखाली सोडतात, म्हणाला, आणि मग माणसाला बोलता आलं नाही तरी तो कोण, कुठला, ते यंत्राला कळतं; पुढंमागं तो कुठं फिरतोय तेही कळेल. त्या वर्षात मी दोनदा बाजारातून घरची वाट चुकलो होतो. मुलाचा हेतू चांगला होता. मी नको म्हणालो. त्यानं कारण विचारलं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आता लिहून ठेवतो.

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान होतं. गावोगाव एसटीडीचे पिवळे बोर्ड लागायला लागले त्या वर्षांत आम्हीही दुकानाच्या कोपऱ्यात काचेची खोली करून फोन बसवला. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, अंबाजोगाईहून बी.कॉम. होऊन आलेला. फोन माझ्या ताब्यात होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आमच्या घरात आप्पांची धाकटी बहीण राहायची, माझी आत्या. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परतली. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत, कामाला वाघ. पण वर्षातून तीन-चारदा, भर दुपारी, हातातलं काम तसंच टाकून ती उठायची आणि चालू लागायची. स्टेशनात जी गाडी उभी असेल तिच्यात बसायची. त्या दिवसांत ती बोलायची नाही. कुणी नाव विचारलं तर विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायची. कधी उदगीरला सापडली, कधी परभणीला. एकदा बावीस दिवस सापडली नाही आणि आप्पांनी अन्न टाकलं. घरी आणल्यावर मात्र ती पुन्हा नेहमीसारखी. कुठं गेलतीस विचारलं की म्हणायची, गेलते. पुढं काही नाही.

त्या बावीस दिवसांनंतर मीच उपाय काढला. तिच्या हातावर आपला फोन नंबर गोंदवू, कोडासकट. जो कुणी तिला बघेल तो आपल्याला फोन लावील. आप्पा म्हणाले, तुला पटतंय तर कर.

सिरसाळ्याच्या बाजारात एक गोंदणारी बसायची. तिला घरी बोलावलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून मीच आत्याच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपराकडं, बॉलपेननं आकडे काढले. दुसऱ्या मुलखातही वाचता यावेत म्हणून इंग्रजी आकडे. माझ्या सातच्या पोटात एक आडवी रेघ असते. कॉलेजातल्या एका सरांची ती लकब मी उचलली होती. शेवटच्या आकड्यापाशी पेन अडखळलं आणि एक बारीक ठिपका उमटला.

"कावून रे?" आत्या म्हणाली. "मी काय बैल हाय का डाग द्यायला?"

तुझ्या चांगल्यासाठीच आहे, असं मी म्हणालो. तिनं हात ओढून घेतला. मी तो धरला, आणि शेवटचा आकडा होईपर्यंत सोडला नाही. गोंदणारीनं रेघ, ठिपका, सगळं जसंच्या तसं उतरवलं. आत्या रडली नाही. सगळा वेळ ती माझ्या तोंडाकडं बघत होती. नाव विचारणाऱ्या परक्या माणसाकडं ती कशी बघत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

उपाय लागू पडला. पुढच्या वर्षभरात ती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा दोन दिवसांच्या आत फोन आला. आणायला मीच जायचो. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आता तिला कुणी नाव विचारत नव्हतं. टीसी असो, पोलीस असो, चहावाला असो, येऊन थेट तिचं मनगट धरायचा आणि हात उलटा करायचा. परभणीच्या फलाटावर तर मला दुरून बघूनच तिनं स्वतः हात पुढं केला.

त्यानंतर ती जायची थांबली. आप्पांना बरं वाटलं. मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "गेलं तरी हितंच येती. मग जाऊन काय करू?" ती आता दुपारभर दुकानाच्या उंबऱ्यात, फोनच्या खोलीकडं तोंड करून बसायची. काही वेळा ती मान वर करायची आणि मग फोन वाजायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या फाल्गुनात असाच एक फोन आला. दुपारचे दोन असतील, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत्या माझ्यासमोर सुपात तुरीची डाळ निवडत होती. पलीकडून कोल्हापूरकडच्या एका दवाखान्यातला माणूस बोलत होता. तुमची बाई आमच्याकडं आहे, तापानं बेशुद्ध आहे, हातावर तुमचा नंबर आहे.

मी आत्याकडं बघितलं. आमची बाई इथं घरात आहे, असं त्याला सांगितलं.

त्यानं विचारलं, "मग ही कोण?"

त्यानं आकडे वाचून दाखवले. बरोबर होते. सातच्या पोटात रेघ आहे का, मी विचारलं. आहे, म्हणाला. आणि शेवटी एक ठिपका आहे, तोही काही आकडा आहे का?

मी चौकशी करून कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला. आत्यानं डाळीतून नजर न काढता विचारलं, "मी कुठं सापडले म्हनं?"

दुसऱ्या दिवशी मी सिरसाळ्याला गेलो आणि गोंदणारीचं पाल शोधून काढलं. मी रागावलो होतो, पण ती घाबरली नाही, उलट खूश झाली. तिनं सगळं सांगितलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी ऐकलं होतं की घाटनांदूरची एक बाई कुठंही गेली तरी घरी परत येते, तिच्या हातावर तसं गोंदण आहे. त्या येऊन तेच मागायला लागल्या. ती त्याला परतीचं गोंदण म्हणायची. तो फोनचा नंबर आहे हे तिला ठाऊक होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. तिला ती नक्षी पाठ झाली होती. तिनं बोटानं धुळीत काढून दाखवली, आणि धुळीत माझं अक्षर उमटलं, रेघेसकट, ठिपक्यासकट. किती जणींच्या हातावर केलं, विचारलं तर म्हणाली, मोजलं नाही.

असं न विचारता कुणाचा नंबर कुणाच्या अंगावर घालता येत नाही, मी म्हणालो. तिनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं.

"बाया आपण होऊन हात पुढं करत्यात, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या आत्याचा हात तुमीच धरला व्हता."

कोल्हापूरकडं गेलेली एक तिला आठवली, जवळच्याच वस्तीवरची. त्या बाईचा दीर घरी होता. मी जाऊन निरोप दिला आणि तो त्याच संध्याकाळी निघाला. ती जगली. ताप भरल्यावर फडावरून एकटीच गावाकडं निघाली होती आणि एसटीत कोसळली होती. वैशाखात ती नवऱ्याबरोबर दुकानात आली आणि माझ्या पाया पडली. तिशीची असेल. हातावर माझं अक्षर. माझ्याच्यानं तिकडं बघवेना. आत्या उठून आली, आपला हात तिच्या हाताला लावून तिनं दोन्हीकडचे आकडे बोटानं एकेक करून चाचपले आणि विचारलं, "लई दुखलं का गं?"

ती हसली. "न्हाई. धीर आला."

त्यानंतर मी वस्त्यांवर निरोप धाडला की ज्यांच्या हातावर हा नंबर आहे त्यांनी येऊन नाव-गाव सांगावं, म्हणजे फोन आला तर मला उत्तर देता येईल. सतरा जणी आल्या. मी वही केली. आणखी किती होत्या, देव जाणे.

दसऱ्याच्या आधी एक मुकादम दुकानात आला. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा, आमचं गिऱ्हाईक. त्यानं त्या बायांचे हात बघितले होते. त्याला टोळीतल्या प्रत्येकाच्या हातावर, बाया-गडी सगळ्यांच्या, स्वतःचा नंबर हवा होता. माणसं हंगामात मधेच निघून जातात, मग कुठं शोधत बसायचं, असं त्याचं म्हणणं. गोंदणारीनं नुसतं गिरवायचं, आकडे मी काढून द्यायचे.

"तुमचं अक्षर चांगलं हाय, शेठ," तो म्हणाला. "अन् हे त्यांच्या चांगल्यासाठीच हाय."

मी नाही म्हणालो. ही जबरदस्ती आहे, असंही म्हणालो. तो रागावला नाही. त्यानं हनुवटीनं उंबऱ्यात बसलेल्या आत्याकडं दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "मग ह्यो कुणी केलाय?"

आत्यानं पदर हातावर ओढून घेतला. आप्पा गल्ल्यावरून उठले आणि त्याला नमस्कार करून, दुसरं काही हवं असेल तर सांगा, म्हणाले. तो गेला. दोन वर्षांनी परळीच्या स्टँडवर मी एका गड्याच्या दंडावर जाड, वेडेवाकडे आकडे बघितले. कुणाचा नंबर होता, मी विचारलं नाही.

मग आमचं टेलिफोन एक्स्चेंज मोठं झालं आणि सगळ्यांच्या नंबरापुढं एक आकडा जोडला गेला. काही दिवस जुना नंबर चालणार आणि नंतर बंद. मला पहिली आठवण वहीतल्या बायांची झाली. गोंदणारीला बोलावून दुकानासमोर बसवलं, निरोप धाडले. दोन दिवसांत बहुतेक जणी येऊन गेल्या. कोड आणि नंबर यांच्यामधल्या सांदीत गोंदणारीनं तो नवा आकडा बसवला, बारीक, अंग चोरून उभा असल्यासारखा.

शेवटी मी आत्याला बोलावलं. तिनं हात पाठीमागं घेतला.

"जुना लावला तर लागायचा न्हाई का?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुणीबी लावला तरी?"

"कुणीही."

तिनं मान हलवली. "मग ऱ्हाऊ दे."

गोंदणारी सुया हातात घेऊन माझ्याकडं बघत होती. आप्पाही बघत होते. मी हात धरला नाही. गोंदणारीला जायला सांगितलं.

जुना नंबर बंद झाला त्याला दोन आठवडे झाले असतील. दुपारी मी आतून पाणी पिऊन आलो तर उंबऱ्यात सूप होतं, डाळ अर्धी निवडलेली. स्टेशनवर पळत गेलो. गाडी गेली होती.

आम्ही उदगीर, परभणी, नांदेड, सगळं पालथं घातलं. पोलिसांत फोटो दिला. लातूर रोडच्या फलाटावरच्या एका चहावाल्यानं तिला ओळखलं. पदर हातावर घेतलेला होता का, असं मी विचारलं, तर म्हणाला, नाही, बाही कोपराच्या वर दुमडून तिनं तो हात खिडकीबाहेर सोडला होता, सगळ्यांना दिसेल असा. गाडी दक्षिणेला जाणारी होती. त्यापुढं कुणाला काही माहीत नाही.

आप्पा मला एकदाच बोलले. "त्या दिवशी तू तिचा हात धरायचा व्हतास." तिसऱ्या वर्षी ते गेले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि मी हात धरायला हवा होता असंही आजवर म्हणता आलेलं नाही.

पुढं कितीतरी दिवस दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी खोलीचं दार लावून घ्यायचो आणि आमचाच जुना नंबर फिरवायचो. पलीकडून टेपवरची एक बाई सांगायची की असा क्रमांक अस्तित्वात नाही. ती मराठीत सांगायची, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी तिन्ही वेळा पूर्ण ऐकायचो. आत्याचा हात उलटा करून ज्यानं कुणी तो नंबर लावला असेल, त्यानंही एवढंच ऐकलं असणार, आणि मग मनगट सोडून दिलं असणार.