वहिनींची एक मूठ

मीनलचा फोन आला तेव्हा सकाळ होती. राजेंद्र नगरच्या घराच्या गच्चीवर मी झाडांना पाणी घालत होतो. "काका, आई गेली... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी 'येतो' म्हणालो आणि पाण्याची नळी हातात धरून तसाच उभा राहिलो. कुंडी भरून पाणी गच्चीभर पसरलं, त्यात आभाळ उतरलं. मला वाटत राहिलं, आता खालून हाक येईल, "भाऊजी, झाडांना पाणी घालताय की गच्चीला आंघोळ?" मीनल ही माझ्या थोरल्या भावाची, मधुकरदादाची, एकुलती मुलगी. तिची आई, कुसुमवहिनी, माझी वहिनी आणि पुढे काही वर्षं एकाच खोलीत बसणारी माझी सहकारी.

स्मशानातल्या खिडकीशी कारकुनानं विचारलं, "माताजी की उम्र?" मीनलनं कार्डावरचा आकडा सांगितला. माझ्या ओठांवर भलताच प्रश्न आला होता: "घरची की कागदावरची?" तो प्रश्न वहिनींचा होता. आज तो विचारायला त्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी बडा गणपतीजवळच्या त्यांच्या घरी उठावना, म्हणजे शोकभेटीची बैठक, झाला. आमच्या जुन्या खात्यातले एक गृहस्थ आले होते. चहा पिता पिता मायेनंच म्हणाले, "कुसुम भाभी भली औरत थीं भिया, बस काम में लेट. घर का केस तक दबा के बैठी रहीं." दोघंतिघं हसले. लोक पांगल्यावर मीनल सतरंजीची घडी करत माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, माझ्या लग्नापायी आईची नोकरी गेली ना? मी तर जन्मभर हेच घेऊन बसलेय." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं, घडी पुरी केली आणि घरी आलो.

दादा कापडाच्या मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, होता. आजोबा संस्थानी नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आले, वडील कारकून झाले, आणि वडिलांच्या आजारपणात शाळा सोडून दादा मिलमध्ये गेला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. भरतीच्या बाबूनं विचारलं, "अठरा का है न?" दादा 'हौ' म्हणाला आणि एका शब्दात तीन वर्षं मोठा झाला. त्या लाइनींत, म्हणजे मिल कामगारांच्या घरांच्या रांगांत, जवळजवळ प्रत्येकाची अशी दोन वयं होती, एक मिलचं आणि एक घरचं. मिलचं वय पगाराला, घरचं वय वाढदिवसाला. मिलमध्ये कापसामुळे विडीला बंदी, काडीसुद्धा खिशात चालायची नाही. म्हणून सगळे गालात तंबाखू धरायचे. दादा संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर कापसाचा भुरा बसलेला असायचा. वहिनी पदराच्या टोकानं तो झटकायच्या आणि दारातल्या उन्हात तो भुरा किती तरी वेळ तरंगत राहायचा. मला आजही झोप लागता लागता तोच दिसतो... खाली न बसणारा.

नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली. लाइनींतली घड्याळं भोंग्यावर लावलेली असायची. भोंगा थांबल्यावर ती हळूहळू एकमेकांपासून सुटली. एका घरात चहाची वेळ झालेली असायची तेव्हा शेजारी अजून दुपार चालू असायची. तरुण पोरं कामाला पिथमपूरला, सुरतेला गेली. म्हातारे ओट्यांवर उरले. दादा दुपारी झोपला की त्याची बोटं चादरीवर तुटलेला धागा जोडत राहायची. वहिनी बी.ए. होत्या. शहरातल्या कॅन्सरच्या नोंदी ठेवणाऱ्या एका खात्यात मी आकडेमोडीचं काम करत होतो. तिथं घरोघर आणि रुग्णालयांत जाऊन माहिती आणण्यासाठी माणूस हवा होता. मी वहिनींचं नाव सुचवलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पेचात टाकलं. "भाऊजी, उमर कोणती लिहू? मिलची का घरची?" मी म्हटलं, "खरी." त्या म्हणाल्या, "वा! पगाराची होती ती काय खोटी होती?" मग त्यांनी स्वतःची रीत काढली. लाइनीतल्या म्हाताऱ्याला त्या विचारायच्या, "भैया, धाकटा भाऊ झाला तब तुम्हारे दूध के दाँत गिर गए थे क्या?" म्हातारा डोळे मिटायचा, गालावरून जीभ फिरवायचा, आणि हसून म्हणायचा, "सामने के दो गिर गए थे." आजारी माणूस घटकाभर सहा वर्षांचा व्हायचा. धाकट्या भावाच्या जन्माचं साल आणि ते दात यांवरून वहिनी घरचं वय काढायच्या.

वयाचा एवढा खटाटोप का, हे वाचकांना सांगायला हवं. हा रोग वय वाढेल तसा वाढतो. ज्या वस्तीतून तरुण निघून गेले तिथं आजारी जास्त दिसणारच. म्हणून दोन वस्त्यांची थेट तुलना करत नाहीत. दोन्हीकडे म्हातारे नि तरुण सारख्याच प्रमाणात आहेत असं धरून हिशेब पुन्हा मांडतात. मी हे समजावलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवायचा, आणि कोणाला घट्ट होतो ते बघायचं." मी पुढं सांगितलं की घोळ एवढ्यावर संपत नाही. आपली माणसं मुंबईला, अहमदाबादला उपचाराला जातात, लपवतात, त्यांच्या नोंदी वर्ष-दोन वर्षांनी पोचतात. त्यामुळे सर्वांत ताजं वर्ष नेहमी बारीक दिसतं. मागच्या वर्षांत उशिरानं किती आले ते बघून तेवढ्यांची जागा आधीच धरायची असते. वहिनी हसल्या. "अय्या, हे तर मी रोज करते! भात लावताना माणसं मोजते आणि वर एक मूठ टाकते. तुमचे दादा ओट्यावरून कोणाला घेऊन येतील, काय ठाऊक?" तेव्हापासून आमच्या खोलीत त्या दुरुस्तीचं नाव 'मूठ' पडलं. मी मुद्दाम लिहितो: त्यांना हे मी शिकवलं होतं. मला ते माहीत होतं.

लाइनींत दर बुधवारी दुपारी धर्मशाळेच्या खोलीत एक डॉक्टर बसायचे आणि लोकांची तोंडं तपासायचे. तो बुधवार चालू ठेवायचा की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. वयाची दुरुस्ती केल्यावर मिलच्या वस्तीचं प्रमाण वाटलं होतं तेवढं भयंकर निघालं नाही, आणि शेवटच्या वर्षी तर ते चांगलंच उतरलेलं दिसलं. खात्याचे साहेब खूश झाले. मी म्हटलं, हे वर्ष अपुरं आहे, उशिराच्या नोंदींची वाढ धरावी लागेल. ते म्हणाले, "अंदाज़ मत दो भाई, आंकड़ा दो." माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी मूठ काढली, आणि वर्ष अपुरं असल्याची खालची ओळही खोडली.

त्या दुपारी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मूठ टाकली ना?"

"यंदा राहू द्या. साहेबांना साफ आकडे हवेत."

"साफ?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "पानं मांडून झाली आणि तुम्ही दार लावताय. माणसं बाहेर आहेत."

"कोण आहेत बाहेर?"

"असतील कोणी..." त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

दादा त्याच सुमारास मुंबईला जाऊन आला होता. दाढेचं ऑपरेशन झालं, असं घरात सगळ्यांना सांगितलं होतं. त्याचा गाल आत गेला होता, तो मऊ भात खायचा, आणि मी, ज्याचा दिवस याच रोगाच्या आकड्यांत जायचा, दाढेच्या ऑपरेशनवर विश्वास ठेवून होतो. मीनलचं लग्न ठरत होतं. आजाराचा बोभाटा झाला तर स्थळ फिरेल म्हणून दादानं वहिनींना शपथ घातली होती. वहिनींनी मला हे कधीच सांगितलं नाही. त्यांनी फक्त एक मूठ मागितली होती.

बुधवार बंद झाला. लग्न झालं. मीनल सासरी गेली त्याच आठवड्यात वहिनी नेहमीसारख्या खोलीत आल्या, पण स्वतःच्या जागी न बसता माझ्या समोर बसल्या. पदर नीट केला. "एक नोंद राहिली आहे. घ्या."

मी पेन उचललं. "नाव?"

"मधुकर..." आणि पुढं त्यांनी आमचंच आडनाव सांगितलं. मी मान वर केली नाही. हाताला सवय असते, तो पुढं लिहीत जातो. मी विचारलं, "वय?"

"मिलचं सांगू का घरचं?"

बाहेर कोणी तरी पाण्याच्या टाकीशी भांडत होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "घरचंच लिहा. घरात तरी त्यांचं खरं वय राहू द्या."

त्यानंतर मुंबईच्या नोंदी आल्या, अहमदाबादच्या आल्या, आणि उतरलेलं वर्ष हळूहळू वर चढलं. दादा त्या सगळ्यांत एक होता. त्या एकानं आकडा हलत नव्हता. वरून विचारणा झाली, अहवाल चुकला कसा? साहेबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला आणि खाली सही केली: क्षेत्रातली माहिती वेळेवर आणली गेली नाही, संबंधित महिलेनं स्वतःच्या घरातली नोंदसुद्धा दडवली. दुसरं वाक्य खरं होतं. त्याच्याच आधारानं पहिलं खोटं वाक्य उभं राहिलं. वहिनींना कामावरून काढलं. मला कायम केलं. खोडलेल्या ओळीबद्दल त्यांनीही कोणाला सांगितलं नाही, कदाचित मी दिराच्या नात्याचा म्हणून... कदाचित मी बोलेन म्हणून.

बुधवार पुढं पुष्कळ काळानं सुरू झाला. मधल्या बुधवारांत धर्मशाळेचं कुलूप बघून कोण परत गेलं, ते कुठल्या तक्त्यात नाही. एवढं मात्र मी पाहिलं आहे की वहिनी लाइनींतल्या बायकांना रिक्षात बसवून रुग्णालयात घेऊन जायच्या. खजरान्याला दर्शनाला निघालेल्या बायकांसारख्या त्या दिसायच्या, हातात डबे, बडबड चालू. मी एकदा खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

दादा गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली. मी वहिनींकडे जात राहिलो, जेवत राहिलो. दर वेळी भात पुरायचा, न सांगता गेलो तरी. गेल्या संक्रांतीला शेवटची भेट झाली. मी धीर करून म्हटलं, "वहिनी, तो अहवाल..." त्यांनी माझ्या ताटात वरण घातलं. "निवतंय, भाऊजी. आधी जेवा." मी जेवलो. माझ्या भित्रेपणाला तेवढं निमित्त पुरलं.

इथवर लिहिलेला हा लेख छापायला देण्याआधी मी मीनलकडे गेलो आणि तो तिला वाचून दाखवला. नवऱ्यासोबत ती अजून आईच्याच घरी होती; तिथल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"म्हणजे माझ्या लग्नामुळे नाही."

"नाही. माझ्या सहीमुळे."

"आणि आईला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी तुम्हाला जेवायला वाढत होती..." तिच्या आवाजात राग होता. तो मी समोर बसून घेतला. मग म्हटलं, "निघतो."

मीनल उठली. डब्याचं झाकण काढून तिनं वाटीनं तांदूळ मोजले, नवऱ्याचे, स्वतःचे. पातेलं नळाखाली धरलं आणि थांबली. पाठ माझ्याकडेच होती. तिचा हात पुन्हा डब्यात गेला, मूठ भरली, काही क्षण डब्यावरच राहिली... आणि पातेल्यात उघडली.

"बसा काका," ती वळून न बघता म्हणाली. "वेळ लागेल."