हेलिकॉप्टरची तीट

चोपड्याला घरी बसून मी कॉम्प्युटरवर थ्रीडी वस्तू घडवतो. गेम बनवणारे त्या विकत घेतात, आणखी कोण घेतं देव जाणे. गेल्या वर्षी एक लढाऊ हेलिकॉप्टर केलं. नाकाखालची तोफ, पंखांखालची रॉकेटं, काचेवरची धूळ, सगळं इतकं हुबेहूब की माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "नजर लागी जाई, तीट लाव." आमच्या घरी नव्या ट्रॅक्टरलासुद्धा आधी काजळ लागतं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. हेलिकॉप्टरच्या दाराखाली एक काळा ठिपका दिला आणि विसरून गेलो.

परवा दुपारी शेजारच्या अक्कांकडून रडण्याचा आवाज आला. त्यांचा मुलगा फौजेत हेलिकॉप्टर चालवतो. माझा लहानपणापासूनचा मित्र. ओसरीवर सगळी गल्ली जमलेली. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला होता, सीमेवर आपलं हेलिकॉप्टर पडल्याचा. धूर, आग, कुणीतरी हिंदीत ओरडतंय. मित्र सकाळपासून फोन उचलत नव्हता. माझे डोळे भरून आले. व्हिडिओ पुन्हा लावला, आणि हेलिकॉप्टर कलंडताना दाराखाली काळा ठिपका दिसला.

आधी कळेचना. मग ठिपका ओळखला. माझ्याच हातची वस्तू, आणि तिच्यासाठी मीच रडायच्या बेतात! कुण्या नालायकाने ती विकत घेऊन, खोट्या व्हिडिओत पेटवून, देशभर सोडली होती. असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

धावत जाऊन लॅपटॉप आणला. "अक्का, हे खरं नाही. हे बघा, मी केलंय. ही आईची तीट." हेलिकॉप्टर उलटंसुलटं फिरवून दाखवलं. गल्लीचा जीव भांड्यात पडला, कुणी तर हसलंसुद्धा.

अक्कांनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हाई तू बनाडेल शे?"

"हो अक्का."

"मंग मना पोऱ्या फोन काबरं उचलत नही?"

मी त्याचा नंबर लावला. नुसती रिंग जात राहिली. अक्कांनी माझं मनगट धरलं होतं, त्या काही केल्या सोडेनात.