काटेवाल्याची सायकल

काटेवाल्याचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही ते सांगायची हौस नव्हती. वजनकाटे दुरुस्त करायचा म्हणून काटेवाला, संपलं. किराणा दुकानातले, सोनाराकडचे, दवाखान्यात तान्ही बाळं निजवून तोलायचे, सगळे काटे कधी ना कधी त्याच्या टेबलावर येऊन गेलेले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांब टेबल आणि त्यावर लाकडी पेटीतली पितळी वजनं. त्या वजनांना उघड्या हातानं शिवायची कुणाची छाती नव्हती. लग्न होऊन आल्या-आल्या बिचाऱ्या बायकोनं ती राखेनं घासून लखलखीत केली होती. नवरा खूश होईल अशी तिची कल्पना. नवरा दिवसभर जेवला नाही. घासून वजन कमी होतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? पण तिनं ते मनाला लावून घेतलं नाही, आणि त्यानंतर त्या पेटीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

धंद्यात त्याचा एकच नेम होता. कुणी कसलीही तक्रार घेऊन येवो, पोतं कमी भरतंय, सोनं घटलंय, तो आधी संशय घ्यायचा तो काट्यावर. "मालाला नंतर बोला. आधी काटा बघू." एकदा एक बाई रडत आली. बाळाचं वजन वाढतच नव्हतं, घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. यानं दवाखान्यातला काटा उघडला, तर स्प्रिंगच गंजून आखडलेली. बाळ चांगलं गुटगुटीत होतं. ही हकिगत तो येईल त्याला ऐकवायचा, आणि बायको आतून ओरडायची, "आता ते बाळ मिशा काढून फिरतंय, पुरे करा!"

धंद्याखेरीज त्याला एकच नाद, सायकलीचा. तरुणपणी घेतलेली शर्यतीची सायकल. पोलादी फ्रेम, बारीक टायर, खाली वळलेलं हँडल. दर रविवारी सकाळी तो आणि त्याचा जुना दोस्त पाण्याच्या टाकीपर्यंतची चढण चढून यायचे. दोस्त वायरमन होता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण देवानं बसवलंच नव्हतं. चढणीवर काटेवाला कायम पुढे आणि मागून रेडिओच्या शिव्या, असा वर्षानुवर्षांचा रिवाज.

त्या वर्षी तो मोडला. आधी दोघं बरोबरीनं पोचू लागले, मग रेडिओ पुढे जाऊन टाकीच्या कठड्यावर वाट बघत बसू लागला.

"सायकल जड झालीय," काटेवाला म्हणाला.

"सायकल जड होत नसते रे बाबा. ती काय जेवते?"

"बेअरिंग झिजतात. रिम वाकते. तुला काय कळतंय त्यातलं, तू तारा जोड."

घरी बायको बघत होती. जिना चढताना तो मधल्या वळणावर थांबायचा आणि खिशात किल्ल्या शोधल्यासारखं करायचा. किल्ल्या तिच्याकडे असायच्या. रात्री दोन उश्या घेऊन अर्धवट बसल्यासारखा झोपायचा. खोकला तर घरातल्या घड्याळासारखा झाला होता, तो थांबला तरच लक्षात यावा.

"अहो, एकदा छाती दाखवून या की."

"अगं, मला काही झालेलं नाही. सायकलीचं मागचं चाक गेलंय."

"मग चाकाला औषध द्या, म्हणजे खोकला थांबेल."

त्यावर तो हसला. हसता हसता खोकला आला आणि तो उठून मोरीत गेला.

नवी सायकल घेण्याची ऐपत नव्हती, आणि असती तरी त्यानं घेतली नसती. काटा बिघडला म्हणून कुणी फेकून देतं का? आधी चाकं. हौस फिटलेल्या कुणा पोरानं विकायला काढलेली हलकी जोडी त्याला अर्ध्याहून कमी किमतीत मिळाली, मागच्या चाकावर आठ चकत्यांच्या गिअरसकट. घरी आणून बघतो तर मागचं चाक फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये शिरेना. जुन्या फ्रेमा अरुंद असत. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. यानं एक आट्यांचा गज घेतला, दोन्ही टोकांना नट लावून तो दांड्यांमध्ये आडवा धरला आणि नट थोडे थोडे फिरवत दांड्या फाकवल्या. फिरवायचं, सोडायचं, मोजायचं. दोन्ही बाजू सारख्या आल्यात का हे दोरा ताणून बघायचं. ते पोलाद त्याचं ऐकत होतं. चाक बसलं, तेव्हा त्यानं बायकोला हाक मारून बोलावलं आणि नुसतं फिरवून दाखवलं. किती तरी वेळ ते आवाज न करता फिरत राहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. तिचं लक्ष त्याच्या ओठांकडे होतं. ते निळसर दिसत होते.

रविवारी तो पुन्हा मागे राहिला. मग गिअरचा दोष निघाला. चढणीला मागची चकती मोठी हवी. मोठी चकती आली, तिला पुरेल असा, साखळी ताणून धरणारा मागचा लांब गिअर जुन्या बाजारातून आला. साखळी नवी टाकली, आणि पैसे वाचवायला पुढच्या चकत्या जुन्याच ठेवल्या. त्यांचे दाते झिजून माशाच्या परांसारखे वाकलेले. जोर दिला की नवी साखळी त्यांवरून उडी मारायची. त्या रविवारी तो भलताच खुशीत घरी आला. "सापडलं! साखळी घसरते, म्हणून जोर वाया जातो." दोष सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तिनं पाहिला नव्हता.

पुढच्या चकत्याही आल्या. सायकल लोण्यासारखी चालू लागली. टाकीपाशी रेडिओनं तिच्याभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "आता हिच्यात जुनं काय राहिलं? फ्रेम आणि तू!"

आणि आपल्याच विनोदावर खदाखदा हसला. काटेवालाही हसला. पण उतरताना तो स्वतःचाच श्वास ऐकत होता.

काटा खरा की खोटा, हे ठरवायची त्याच्याकडे एक रीत होती. तोच माल दुसऱ्या काट्यावर घालायचा. पुढच्या रविवारी चढणीच्या पायथ्याशी तो उतरला आणि म्हणाला, "आज सायकली बदलू."

"का? नवी नवरी मिरवायची आहे?"

"तू चढ तर."

रेडिओ चढला. दोनच वळणांत त्याच्या लक्षात आलं की खाली सायकल नाहीच, वारा आहे. तो शीळ वाजवू लागला. काटेवाला खालून ऐकत होता. शीळ वर वर जात होती, आणि रेडिओची सायकल, तीच जी दर रविवारी टाकीपाशी आधी पोचायची, याच्या पायाखाली दगड झाली होती. छातीत हवा शिरत होती, पण आत कुठे पोचत नव्हती.

मग शीळ बंद झाली. रेडिओनं मागे वळून पाहिलं होतं.

काटेवाला वळणापर्यंत पोचला तेव्हा रेडिओ रस्त्याकडेला उतरून साखळीशी खुडबुडत होता. "काय भंगार बसवलंयस रे! सारखी घसरतेय. पायातलं सगळं बळ गेलं माझ्या."

काटेवाल्याला बोलायला दम लागला. तो दगडावर बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "कुठल्या चकतीवर घसरली?"

"मधल्या."

"मधल्या म्हणजे कुठल्या?"

रेडिओनं चकत्यांकडे बोट नेलं आणि तसंच मागे घेतलं.

"शीळ ऐकली मी तुझी," काटेवाला म्हणाला.

"मग काय बोलू मी?" रेडिओ एकदम ओरडला. "तूच सांग ना गाढवा, काय बोलू? वर्षभर बघतोय मी. तू चाकं बदलतोयस, साखळ्या बदलतोयस, आणि मी तिथं कठड्यावर बसून तुझी मजा करतोय!" त्याचा आवाज फाटला. त्यानं साखळीचं तेल लागलेल्या हातानंच तोंड पुसलं, गालावर काळा पट्टा उमटला. कुणालाच हसू आलं नाही.

टाकीपर्यंत ते गेले नाहीत. सायकली हातात धरून दोघं खाली चालत आले.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. इतक्या लवकर? तिनं वर पाहिलं. तो चपला न काढताच आत आला आणि तिच्यासमोर जमिनीवर टेकला.

"सायकल ठीक आहे," तो म्हणाला. "तू कुठल्या डॉक्टरांचं म्हणत होतीस?"

हे ऐकायला तिनं वर्षभर आदळआपट केली होती, टोमणे मारले होते, अबोला धरून पाहिला होता. भांडणात तो एकदाही तिला शरण आला नव्हता, आणि आज आला तर तिला सायकलीतच आणखी काहीतरी निघावं असं वाटलं. एखादा नट, एखादा वायसर, काहीही.

"ब्रेक बघितलेत का?" तिनं विचारलं. "ब्रेक घासत असतील. नीट बघितलंत?"

"बघितलं गं. सगळं बघितलं."

तिनं हातातली भाजी ताटात ठेवली, पुन्हा उचलली. "आज रविवार," ती म्हणाली. "आज कुणी नसतं तिथे. उद्या जाऊ."

तो हो म्हणाला, आणि चपला काढायला वाकला. वाकलेलाच राहिला, श्वास येईपर्यंत. ती पुढे सरकली आणि तिनं त्या काढल्या.