हाय का?

देव आहे की नाही, या प्रश्नाचं 'नाही' हे उत्तर मी पदवीच्या वर्षातच देऊन टाकलं होतं. आमच्या तलवाड्याच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे ते उत्तर तपासणारं कुणी नव्हतं. आई माझ्याकडे जर्मनीला आली ती नारायणगडाच्या देवळातल्या अंगाऱ्याची पुडी पदराच्या गाठीत बांधून. मी हसलो होतो.

खरं सांगतो, तिच्या त्या मुक्कामात मी लई जळलो. समोरच्या दारात एल्के नावाच्या ऐंशीच्या पुढच्या आजी एकट्याच राहत. मी जर्मन शिकलो, परीक्षा पास झालो, तीन वर्षं त्यांना जिन्यात शुद्ध व्याकरणात नमस्कार केला. त्या मान हलवून निघून जात. आईनं मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात तलवाड्यात मारावी तशी हाक मारली, "हाय का घरात?" आतून आजी आनंदानं ओरडल्या, "हाय!" त्यांना वाटलं, ही बाई इंग्रजीतून नमस्कार करतेय. आईला वाटलं, हिला आपली बोली येते.

मग रोजचंच झालं. एक मराठीत, दुसरी जर्मनमध्ये, आणि मटार सोलत दोघी हसायच्या. मी दुभाष्या म्हणून मध्ये बसायला गेलो तर आजींनी हातानंच थांबवलं. आई म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे बाबा. तुझं लई पुस्तकातलं हाय." एकदा तर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, शेवटच्या दिवसांचं सांगून ती आजींजवळ रडली. माझ्याजवळ कधी रडली नव्हती.

त्या संध्याकाळी मी खोटं बोललो. "रोज जाऊ नको तिकडं. त्यांना त्रास होतो, म्हणाल्या मला."

"मग मला काऊन न्हाई म्हनली?" एवढंच विचारून आईनं जाणं बंद केलं.

चौथ्या दिवशी एकादशी. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घेऊन आई दुपारी स्वयंपाकघरात कोसळली. मी कामावर. इथली दारं ओढली की आपोआप कुलूप बसतं. पण दिवसा दार लावणं आईला अशुभ वाटायचं. फटीत चप्पल अडकवून ठेवायची. त्यावरून मी रोज भांडायचो. तीन दिवस मैत्रीण दिसली नाही म्हणून आजी त्या दुपारी आपणहून आल्या, हाक मारली, उत्तर येईना तेव्हा ते उघडं दार ढकललं. रुग्णवाहिका त्यांनीच बोलावली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आजी आईचा हात धरून पुनःपुन्हा विचारत होत्या, "हाय का? हाय का?" मी आईचा दुसरा हात धरला. थोड्या वेळानं आईनं डोळे उघडले. बारीक आवाजात म्हणाली, "हाय."

मी माझं खोटं दोघींना सांगितलं, दोन्ही भाषांत. आई म्हणाली, "येडा हाय." आजींनी तेवढं बरोबर समजून मान डोलावली. मग आईनं खुणेनं पुडी मागितली. आजींनी अंगारा तिच्या कपाळाला लावला, नंतर माझ्या. मी कपाळ मागं घेतलं नाही.

आई आता तलवाड्यात आहे. मी चमत्कार म्हणत नाही. पण ज्या चपलेवरून मी भांडलो तिनंच माझी आई मला परत दिली, आणि तेव्हापासून माझं ते जुनं उत्तर मी धरून बसत नाही. सुट्टीच्या सकाळी तिनं मागं ठेवलेल्या अंगाऱ्यापुढं हात जोडतो, फटीत चप्पल अडकवतो आणि समोर जाऊन हाक मारतो, "हाय का?" दार उघडताना आजी अजूनही माझ्या मागं आईला शोधतात. थोडं जळतं. पण उत्तर येतं.