डाव्या हाताचा धडा

परवा एका जुन्या पियानोचं झाकण उघडलं, आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मी थेट मळवलीच्या बंगल्यात पोचलो.

तेव्हा पन्नाशीत मी ब्लूज पियानो शिकत होतो. शिकवणी लोणावळ्यात आणि सराव मित्राच्या रिकाम्या बंगल्यात. त्याची आई वारल्यापासून तिच्या पियानोला कुणी हात लावला नव्हता. त्या दुपारी खिडकीबाहेर दाट धुकं होतं. उजवा हात मांडीवर ठेवून मी पुस्तकातला डाव्या हाताचा धडा वाजवत होतो.

बंगला सांभाळणाऱ्या सखूमावशी चहा घेऊन दारात थबकल्या. "आज दोनी हात चालल्यात की तुमचं!"

"नाही मावशी, डावाच वाजवतोय."

"मग त्ये वरचं बारीक सूर कोन वाजवतंय?"

मी थांबलो. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

मावशी हळूच म्हणाल्या, "थांबू नगा. मोठ्या बाईंना अर्ध्यात सोडल्यालं चालायचं न्हाई."

मी पुन्हा सुरू केलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मावशी मात्र माझ्या उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत मान डोलवत होत्या.

तेव्हा उठून पळावंसं वाटलं होतं. आता वेगळंच आठवतं. त्या दुपारी पहिल्यांदाच माझा ताल कुठे चुकला नाही.