भावाचं वॉटरप्रूफ जाकीट

रातभर झोपले न्हाई. काल दुपारी माझा भाऊ तळ्यावरून मासे धरून आला अन् दारातच पडला. माझी चार वर्साची पोर "मामा, मामा" करून राहिली, त्यो डोळेच उघडंना.

अंगात नवं काळं जाकीट. बिलोलीचा दुकानदार म्हणला, "मासे धरायचं खास हाय, ऊन लागत न्हाई, वॉटरप्रूफ हाय." हा लई खुश! अरे, पाणी आत येत न्हाई तसा घामबी बाहेर जात न्हाई. जाकीट काढलं तर आतून धार लागली. त्या दुकानदारालाच ते घालून उन्हात बसवा.

सांजच्याला शुद्धीवर आला, अन् आज सकाळी पुन्हा तेच घातलं. मी म्हणलं, "दादा, बाबाचा लांब बाह्याचा सुती सदरा घाल."

"येडे, सदरा घालून मासळीचं लगीन लावू का? व्हिडिओत समदे हेच घालतेत."

मला बाजूला सारून तळ्यावर गेला. आता माझा फोन कट करून राहिला.

उन्हासाठी कापड घेताना तोंडानं फुंकून बघा. फुंक आरपार गेली तरच घ्या.

बाईचं त्यो ऐकत न्हाई, तुमा गड्यांचं ऐकंल. त्याचा नंबर आपल्या ह्याच ग्रुपवर हाय. वाचलं की आधी त्याला फोन लावा, म्हणा जाकीट काढ अन् काठावर ये.